शेवाळाची खोली

खाऱ्या पाण्याची टाकी घरात असली की पाहुणे ठरलेले तीन प्रश्न विचारतात. पहिला, ‘खर्च किती आला?’ दुसरा, ‘हे मासे खातात का?’ (पाहुणा कोकणातला असेल तर हा पहिला.) आणि तिसरा, काचेला नाक लावून, जरा अवघडून: ‘हे हिरवं असंच असतं का?’

पहिल्या दोघांची उत्तरं पाठ आहेत. खर्चाचा जो आकडा मी पाहुण्यांना सांगते तोच नवऱ्यालाही सांगितलेला आहे, त्यामुळे घरात एकवाक्यता आहे. तिसऱ्या प्रश्नाला मात्र थोडक्यात उत्तर देता येत नाही. शिवाय ज्याने विचारलं त्याला चहा घेऊन निघायचं असतं. म्हणून ते इथे सविस्तर.

टाकी 200 लिटरची, पुण्यात, घाटाच्या या बाजूला. ‘प्रवाळ आहेत’ म्हटलं की लोकांना शोकेसमधली पांढरी, फांद्याफांद्यांची झाडं आठवतात. तसलं माझ्याकडे काही नाही आणि नसणार. खडक बांधणारे सगळे टणक प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघ जिथे आहे तिथेच. काळं प्रवाळ, समुद्रपंखे, सागरी घोडे, समुद्रकाकड्या हेही त्याच कायद्याच्या छत्राखाली आले. कुणी ‘ओळखीने मिळेल’ म्हणालं तरी नको म्हणावं. माझ्याकडे टणक सांगाडा नसलेली मऊ मंडळी आहेत: मशरूम कोरल, झोअँथिड (बारीक फुलांच्या गुच्छासारखे दिसणारे, प्रवाळांचे भाऊबंद), एक लेदर कोरल. खडक समुद्रातून उचललेला नाही, कोरडा, बनवलेला आहे. मासे मोजके. एवढ्या साध्या संसारातसुद्धा हिरवं येतंच.

आधी येते तपकिरी भुकटी. वाळूवर, काचेवर, कुणी दालचिनीची पूड भुरभुरवल्यासारखी. हे डायाटम, एकपेशीय सूक्ष्म शेवाळ. नव्या टाकीत ते यायचेच, त्यांचं मनावर घ्यायचं नसतं. मग काचेवर हिरवा पापुद्रा. मग कधी लाल-किरमिजी सायीचे थर, जे खरं तर शेवाळ नाहीतच, सायनोबॅक्टेरिया नावाचे जिवाणू आहेत. आणि सरतेशेवटी केसाळ हिरवं. त्याने एकदा खडकावर बस्तान बसवलं की भल्याभल्यांच्या नाकी नऊ येतात.

एरवी ते दिसायला वाईट नसतं, हेही सांगून टाकते. बोटभर लांब धागे, वेव्हमेकर पंपाच्या झोतासरशी सगळे एका अंगाला झुकतात, झोत थांबला की सावकाश उभे राहतात. दुपारी दिवे पूर्ण तेजात असताना धाग्याधाग्याच्या टोकाला प्राणवायूचा बारीक मणी धरतो आणि सुटून वर जातो. चिमटीत धरून उपटलं तर निम्मं हातात येतं, निम्मं खडकात राहतं. हातातला गुच्छ पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात सोडला की त्यातून माणसं... म्हणजे जीव बाहेर पडायला लागतात. तांदळाच्या कणीएवढे अ‍ॅम्फिपॉड आडवे पडून गोल गोल सरपटतात, ठिपक्याएवढे कोपेपॉड टुणटुण उड्या मारतात, आणि केसासारखे पाच हात असलेला एखादा इवलासा ब्रिटल स्टार ताटलीची कड शोधत फिरतो. वैतागाने उपटायला घेतलेल्या गोष्टीत अख्खी वस्ती निघते. त्या सगळ्यांना चमच्याने परत टाकीत सोडण्यात माझी पुष्कळशी रविवारची सकाळ जाते.

दुकानात शेवाळावर बाटली मिळते. ‘मॅडम, ही टाका, आठ दिवसांत साफ.’ होतंही साफ. पण मेलेलं शेवाळ कुठे जातं हे बाटलीवर लिहिलेलं नसतं. ते तिथेच कुजतं, त्याने महिनोन्‌महिने साठवलेलं नायट्रोजन-फॉस्फरस पाण्यात परत येतं, आणि पुढच्या पिकाला तयार खत मिळतं. जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा हा प्रकार. अपवाद एकच ठाऊक आहे. ब्रायॉप्सिस नावाचं एक चिवट शेवाळ असतं, धागा सरळ नसून पिसासारखा दोन्ही बाजूंनी फुटलेला. त्यावर माणसांच्या बुरशीवर देतात ते फ्लुकोनाझोल चालतं. बाकी कुणी ‘सगळ्या शेवाळांवर एकच औषध’ म्हणालं तर त्याचं दुकान कुठे आहे ते आधी पाहावं.

हाताने घासणं उरतं. जुना टूथब्रश, बादली, बारीक नळी. नळीने ओढत ओढत घासायचं म्हणजे तुटलेले धागे टाकीभर पसरत नाहीत. खडक बाहेर काढून उकळत्या पाण्यात टाकायचा सल्ला अधूनमधून कानावर येतो. तो झोअँथिड असलेल्या घरात कुणी ऐकू नये. त्यांच्यातल्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआत, पॅलिटॉक्सिन असतं. प्राण्यांमधल्या ठाऊक असलेल्या अतिजहाल विषांपैकी ते एक. उकळताना उठणाऱ्या वाफेतून ते श्वासात गेलं आणि घरंच्या घरं इस्पितळात पोचली, असं घडलेलं आहे. या विषाचा शोधही गमतीदार. हवाईतल्या माऊई बेटावर हाना नावाच्या गावाजवळ एक ‘जीवघेणं शेवाळ’ उगवतं आणि भाल्याच्या टोकाला ते चोळतात, अशी जुनी आख्यायिका होती. हवाई विद्यापीठातल्या रसायनशास्त्रज्ञांनी मागोवा घेत 1971 मध्ये विष वेगळं काढलं. ते ‘शेवाळ’ मुळात शेवाळ नव्हतंच, झोअँथिड होतं. माझ्या टाकीत मी बरोबर उलट करते: झोअँथिडला जपते आणि शेवाळाला जीवघेणं म्हणते. हातमोजे मात्र दोन्हींसाठी घालते.

आता मुळाशी जाऊ. हिरवं कशावर जगतं? उजेड तर आपणच देतो. उरलं खत, आणि खतही आपणच देतो, रोज, चिमटीने, प्रेमाने. कागद-पेन्सिल घेऊन एकदा हा हिशोब मांडून बघावा. माशांच्या कोरड्या खाद्यात ढोबळमानाने एक टक्का फॉस्फरस असतो. दिवसाला एक ग्रॅम खाद्य टाकलं, तर 10 मिलिग्रॅम फॉस्फरस, म्हणजे फॉस्फेटच्या भाषेत 30 मिलिग्रॅम. 200 लिटर पाण्यात ते झालं लिटरमागे 0.15 मिलिग्रॅम. आणि प्रवाळाच्या टाकीत फॉस्फेट किती असावं म्हणतात? 0.03 ते 0.1. म्हणजे एका दिवसाच्या खाद्यानेच मर्यादा ओलांडली! नायट्रेटचंही तसंच: खाद्यात 45 टक्के प्रथिनं धरली तर दिवसाला लिटरमागे दीड मिलिग्रॅमहून जास्त. हे सगळं खाऱ्या पाण्यात जातं, माशाच्या पोटातून फिरून अमोनिया होतं, खडकावरचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि इथे गाडी थांबते. खडकाच्या पोटात, जिथे प्राणवायू पोचत नाही, तिथले वेगळे जिवाणू थोड्या नायट्रेटचा वायू करून सोडतात. फॉस्फेटला तर तेवढीही वाट नाही. ते हवेत उडत नाही, पाण्यात किंवा कुणाच्या तरी शरीरात राहतं, नाहीतर चुन्याच्या वाळूला आणि खडकाला चिकटून बसतं आणि पाणी स्वच्छ झालं की तिथून परत सुटतं.

‘मग पाणी बदला की!’ बदलतेच. पण दर वेळी दहा टक्के पाणी बदललं तर नायट्रेट 40 चं 36 होतं. पुढच्या आठवड्याचं खाद्य ते चार परत भरून काढतं, वर आणखी टाकतं.

आणि या सगळ्यात मापाची एक लबाडी आहे. खडक हिरवागार, तुम्ही हौसेने फॉस्फेटची चाचणी करता, आणि किट म्हणतं शून्य. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो. पाणी शुद्ध आहे तर शेवाळ कसं? तर शेवाळानेच ते खाऊन टाकलंय म्हणून पाणी शुद्ध आहे. किट पाण्यात उरलेलं मोजतं, टाकीत असलेलं नव्हे.

पण खाद्याचा हिशोब जुळवूनही आमच्याकडे एक गोष्ट जुळत नव्हती. उन्हाळा आला की तपकिरी भुकटी परत. दोन-तीन वर्षांच्या टाकीत डायाटमचं काय काम? कारण शेवटी सापडलं ते स्वयंपाकघरात. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात सोसायटीला महापालिकेचं पाणी असतं, धरणाचं, मऊ. एप्रिलपासून टँकर सुरू होतात, आणि टँकरच्या पोटात बोअरचं पाणी. विरघळलेल्या क्षारांचा टीडीएस मीटर बुडवला की आकडा कितीतरी पटींनी चढलेला. तेच पाणी स्वयंपाकघरातल्या आरओमधून गाळून मी मीठ कालवत होते. आता आरओतून आलंय म्हणजे शुद्ध, अशी आपल्या सगळ्यांची श्रद्धा. आरओवाल्याला बोलावलं. त्याने झाकण उघडलं आणि कोपऱ्यातला एक बारीक प्लास्टिकचा स्क्रू दाखवला.

‘ताई, हा टीडीएसचा. ह्याने थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतं. नाहीतर चव येत नाही.’

‘तो पूर्ण बंद करा.’

‘मग पाणी बेचव लागेल, सांगून ठेवतो.’

‘मला नको आहे, माशांना हवंय.’

त्याने हॉलमध्ये डोकावून पाहिलं. ‘माशांना चव कळते?’

कळते, खरं तर. पण तो विषय वेगळा. अखेर पिण्याचा आरओ पिण्याला ठेवला आणि टाकीसाठी वेगळी नळी काढून पडदा आणि त्यापुढे डीआय रेझिनचा (उरलेसुरले क्षार धरून ठेवणाऱ्या बारीक मण्यांचा) दंडगोल बसवला. मीटरवर शून्य आला. तरीही मे महिन्यात काचेवर तपकिरी!

आपण दख्खनच्या बेसाल्टवर राहतो. काळ्या कातळातून झिरपलेल्या पाण्यात विरघळलेली सिलिका भरपूर असते, आणि डायाटमचं कवच असतं सिलिकेचंच. आरओचा पडदा बरीचशी अडवतो, उरलेली रेझिनने धरायची. पण रेझिन संपत आलं की सर्वांत आधी सुटते ती सिलिका. आणि टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावर आकडा दाखवतो, विरघळलेली सिलिका वीज जवळजवळ वाहून नेतच नाही. म्हणजे मीटरवर शून्य आणि पाण्यात डायाटमची मेजवानी. तेव्हापासून उन्हाळ्यात मी आकडा बदलायची वाट बघत नाही. रंग बदलणारं रेझिन घेतलंय, ते अर्ध्यावर उतरलं की बदलते. एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर वाया जातं, टँकरच्या दिवसांत ते बघवत नाही. बादल्या भरून ठेवते, फरशीला आणि संडासाला तेच.

‘समुद्राचंच आणा की कॅनमधून,’ असं सुचवणारे आहेत. मुंबईच्या किनाऱ्याला सांडपाण्याची एवढी संगत आहे की ते पाणी म्हणजे विकतचं दुखणं. रत्नागिरीच्या पुढचं स्वच्छ असतं, पण पावसाळ्यात खाड्यांमधून लाल गाळ उतरला की खारटपणाही घसरतो. शिवाय घाट चढवून 20 लिटरचे कॅन आणायचे. मिठाची बादली परवडली. लिटरला 35 ग्रॅमच्या वर थोडं, पंप लावून रात्रभर ढवळायचं, खारटपणा 35 वर आला का बघायचं, झालं. तापमानाचं म्हणाल तर एप्रिल-मेमध्ये पाण्यावर पंखा. दोन-तीन अंश उतरतात, पण वाफेने पाणी घटतं, रोज गोडं पाणी वरून टाकावं लागतं. हा भाग कंटाळवाणा आहे, सोडून देते.

तर पाणी सुधारलं, खाद्य आवरलं, गोठवलेलं मायसिस (माशांना द्यायचे कोळंबीसारखे बारीक जीव) चाळणीत धुऊन द्यायला लागले, आणि केसाळ हिरवं कमी झालं. कमी, गेलं नाही. तेव्हा मी खरे खडक कसे स्वच्छ राहतात याबद्दल वाचायला घेतलं आणि जमैकापाशी येऊन थांबले.

कॅरिबियन समुद्रात डायडेमा नावाचा लांब काळ्या काट्यांचा सी-अर्चिन असतो. दिवसभर कपारीत, रात्री बाहेर पडून खडक खरवडायचा, एवढंच त्याचं काम. जमैकाच्या किनाऱ्यावर शेवाळ खाणारे मासे माणसांनी आधीच मारून संपवले होते, तरी खडक स्वच्छ होते, कारण हा रात्रपाळीचा कामगार होता. जानेवारी 1983 मध्ये पनामा कालव्याच्या अटलांटिककडच्या तोंडाजवळ डायडेमा मरायला लागले. साथ प्रवाहाबरोबर फिरली आणि साधारण वर्षभरात कॅरिबियनभर दहातले नऊहून अधिक गेले. पुढे काय झालं? 1977 मध्ये जमैकाच्या खडकांवर 52 टक्के भाग जिवंत प्रवाळाचा होता आणि 4 टक्के शेवाळाचा. 1993 मध्ये प्रवाळ 3 टक्के, शेवाळ 92. मध्ये वादळंही झाली, माशांची लूटही होती, सगळा दोष एकट्या साथीचा नाही. पण खरवडणारा नाहीसा झाला तेव्हा जे व्हायचं ते झालं.

मी आकड्यांच्या मागे होते, किटच्या बाटल्या ओळीने लावून. खडकावर मात्र खाणारं कुणी नव्हतं. खऱ्या समुद्रात शेवाळ कमी दिसतं ते उगवत नाही म्हणून नव्हे. उगवलं की कुणीतरी खातं म्हणून. मालवणात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या बाजूला कधी तोंडाला नळी लावून पाण्यात डोकावलात तर कान देऊन ऐका. खडकाजवळ बारीक कुरुकुरु, करकर चालू असते. पाण्याखाली शांतता असते हे सिनेमावाल्यांनी पसरवलेलं आहे.

मग गोगलगायी आल्या, शंखातले छोटे खेकडे आले, आणि एक लॉनमोअर ब्लेनी, शेवाळ खाणारा मासा. ही ब्लेनी म्हणजे ओठ जाड, डोळे वर आलेले, चेहऱ्यावर सदैव सरकारी कचेरीतल्या खिडकीमागची नाराजी. दिवसभर काचेला तोंड आपटत असते, आणि मागे ओठांचे ठसे राहतात, एकाखाली एक. गोगलगाय रात्री पाहावी. दिवे गेल्यावर टॉर्च लाल कागद लावून काचेच्या बाहेरून धरायचा. तिचं तोंड उघडतं, आतून एक खरखरीत पट्टी पुढे येते, काच चाटून आत जाते, परत येते. ती पुढे सरकली की मागे नागमोडी स्वच्छ रस्ता. सकाळी उठून रस्ते कुठवर गेलेत ते बघायची मुलीला सवय लागली आहे.

एक उलटी बाजूही आहे, ती नाशिकच्या एका हौशी मित्राच्या टाकीत पाहिली. माणूस शिस्तीचा, हिरव्याचा कण खपत नाही. त्याने फॉस्फेट शोषणाऱ्या लोहाच्या गोळ्या भरल्या, मोठा स्किमर (बुडबुडे सोडून पाण्यातली घाण फेसात काढणारं यंत्र) लावला, आणि वर व्होडका सुरू केली. हसू नका, ही मान्य पद्धत आहे. थेंब थेंब अल्कोहोल दिलं की त्यावर जिवाणू वाढतात, वाढताना नायट्रेट-फॉस्फेट ओढून घेतात, आणि स्किमर फेसाबरोबर जिवाणूच बाहेर काढतो. पांढरं व्हिनेगरही चालतं आणि घरात प्रश्न कमी येतात. महाराष्ट्रात दारू बाळगायला परवाना लागतो, पण त्यावर ‘कारण: जिवाणूंसाठी’ लिहायला रकाना नाही.

त्याचं नायट्रेट शून्य झालं, फॉस्फेट शून्य झालं. आधी कोरल फिके पडले. हे होणारच होतं, कारण या प्राण्यांच्या अंगातच शेवाळ राहतं. झोझँथेली नावाच्या सूक्ष्म पेशी कोरलच्या कातडीत बसून उजेडावर साखर करतात आणि बरीचशी घरमालकाला देतात. कोरलची निम्म्याहून जास्त रोजीरोटी त्यावर चालते, रंगही बऱ्याच अंशी त्यांचाच. पाण्यातून खत पार काढून टाकलं की उपाशी राहतात त्या आधी ह्याच पेशी. टाकीवाल्याला शेवाळ नको असतं असं म्हणणं म्हणूनच अर्धवट आहे. त्याला ते कातडीच्या आत हवं असतं आणि बाहेर नको असतं.

कोरल फिके पडल्यावर खडकावर तपकिरी चिकट दोरे आले, बुडबुडे अडकलेले. रात्री दिवे गेले की गायब, दुपारी पुन्हा हजर. मग गोगलगायी उताण्या पडायला लागल्या. मित्राने औषधाच्या रिकाम्या बाटलीत थोडं पाणी पुण्याला येणाऱ्या भाच्याबरोबर पाठवलं. आम्ही मुलीच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली एक थेंब ठेवला. टपोऱ्या थेंबाच्या आकाराच्या पेशी, एका टोकाला निमुळत्या, आणि त्या टोकाला जणू खुंटीला बांधल्यासारख्या गरागरा फिरणाऱ्या. ऑस्ट्रिऑप्सिस नावाचं डायनोफ्लॅजेलेट, म्हणजे एकपेशीय सूक्ष्मजीव. विषारी. खाणाऱ्या गोगलगायी त्यामुळेच मरत होत्या. पाण्यात काही नसलं की स्पर्धेतले बाकीचे सगळे उपाशी मरतात आणि हे टिकून राहतात. बाकी जीव जगले तर यांना जागा मिळत नाही. त्यामुळे उपाय सांगितला तेव्हा मित्राला आधी पटेना: लोहाच्या गोळ्या काढ, व्होडका थांबव, खाद्य वाढव, आणि सोडियम नायट्रेट मोजून घाल. महिने-महिने खर्च करून जे काढलं ते आता विकत आणून टाकायचं! जोडीला रात्री पाण्यात सुटणाऱ्या पेशींसाठी यूव्ही दिवा. हळूहळू तपकिरी दोरे गेले. त्यांच्या जागी हिरवं आलं, आणि हिरव्याचे फोटो त्याने मला अशा आनंदाने पाठवले की विचारू नका.

माझा कल त्यानंतर ठरला. शेवाळ हटत नाही, फक्त जागा बदलतं. तर जागा आपण ठरवून द्यावी.

टाकीखालच्या कपाटात संप, म्हणजे वरचं पाणी फिरून जातं ती दुसरी छोटी टाकी आहे, त्यातला मधला कप्पा रिकामा केला. तिथे एक लालसर दिवा लावला आणि मूठभर कीटोमॉर्फा आणून सोडलं. ताठ हिरव्या धाग्यांचा गुंता, मुळं नाहीत, कुठे चिकटत नाही, पाण्यात गोल गोल फिरत राहतं आणि खत ओढून वाढतं. वर टाकीतले दिवे मालवले की खालचा पेटतो. रात्री वरच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढून पीएच घसरतो, खाली शेवाळ कामावर असलं की तो तेवढा घसरत नाही. अ‍ॅम्फिपॉडना तिथे कुणी खात नाही, ताटलीतून चमच्याने उचलायचं माझं कामही वाचलं.

सासूबाईंनी कपाटाचं दार उघडून सगळं नीट बघितलं. ‘म्हणजे वरचं शेवाळ घालवायला तू शेवाळच विकत आणलंस?’

‘हो आई.’

‘आणि त्याला स्वतंत्र दिवा?’

‘हो.’

त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी फोनवर मावशींना सविस्तर सांगत होत्या, तेवढं ऐकू आलं.

ही कल्पना माझी नाही, अर्थात. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतल्या वॉल्टर एडी यांनी खऱ्या प्रवाळ खडकांवर पाहिलं होतं की तिथलं शेवाळ इंचभरही उंच होत नाही, सतत खाल्लं जातं, आणि म्हणूनच झपाट्याने वाढत राहतं. त्यांनी टाकीबाहेर जाळ्या लावल्या, त्यावरून लाटेसारखं पाणी सोडलं, वर उजेड दिला, आणि जाळीवर आलेलं शेवाळ ठरावीक दिवसांनी खरवडून काढलं. पाण्यातलं खत शेवाळात, शेवाळ बादलीत. 1982 मध्ये त्याचं पेटंट निघालं. अ‍ॅरिझोनात 1991 ते 1993 आठ माणसं काचेच्या बंद घरात राहिली, त्या बायोस्फिअर 2 मधल्या छोट्या समुद्राला हेच लावलं होतं. बंद घरात मासे नव्हते एवढे, त्यामुळे खरवडायचं काम अर्थातच माणसांच्या अंगावर. डायडेमाची रात्रपाळी कुणीतरी करावीच लागते.

मी दर पंधरवड्याला गुंता निम्मा काढते. पहिल्यांदा काढून सिंकच्या कडेला निथळायला ठेवला, तर भांडीवाल्या मावशींनी नवी घासणी आली म्हणून कढई घासायला घेतला. कढई काही निघाली नाही. त्यांनी घासणीच्या दर्जाबद्दल मत दिलं, ते इथे लिहीत नाही.

वर खडकावर आता हिरवं आहे, पण आखूड, ब्लेनीच्या ओठांच्या आवाक्यातलं. मधून मधून जांभळे-गुलाबी कवचाचे ठिपके धरलेत, कोरलाइन शेवाळाचे. नायट्रेट पाचच्या आसपास, फॉस्फेट 0.05. कधी 0.08. मी रोज मोजत नाही, काच किती दिवसांत धुरकट होते ते बघते, त्यावरून कळतं.

राहता राहिला काढलेल्या शेवाळाचा प्रश्न, आणि तो वाटतो तेवढा किरकोळ नाही. 1984 मध्ये मोनॅकोच्या सागरी संग्रहालयाच्या खिडक्यांखाली समुद्रात कॉलर्पा टॅक्सिफोलिया या शेवाळाचा चौरस मीटरभर पट्टा सापडला. शोभेच्या टाक्यांत वाढवलेली, थंडी सोसणारी जात. तेवढ्यावर कुणी फार लक्ष दिलं नाही, आणि ती भूमध्य समुद्राच्या किनाऱ्याकिनाऱ्याने हजारो हेक्टर पसरली. पुढे 2000 मध्ये कॅलिफोर्नियात एका खाजणात तीच सापडली तेव्हा त्यांनी मात्र वाट पाहिली नाही. ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडलं, आणि 2006 मध्ये संपली असं जाहीर केलं. कुणीतरी कधीतरी बादली ओतली होती, एवढंच. म्हणून कॉलर्पा मी घरात आणत नाही, आणि कीटोमॉर्फा निरुपद्रवी असलं तरी गटारात, नदीत, कोकणात जाताना खाडीत असं कुठेही टाकत नाही. गोड्या पाण्यात दोन-तीनदा खळबळून मीठ काढते, गच्चीवर वाळवते आणि कुंड्यांत चुरते. मिरचीला मानवलेलं दिसतंय.

कुंड्या आता भरल्यात. पुण्यात ज्यांच्याकडे खाऱ्या पाण्याची टाकी आहे त्यांनी खुशाल घेऊन जावं, पैसे नकोत, सोबत अ‍ॅम्फिपॉडही मिळतील. फक्त डबा आपला आणा. मागच्या वेळी दिलेले डबे अजून परत आलेले नाहीत आणि सासूबाईंचं त्यांच्याकडे लक्ष आहे.